एकच जिग, चार तऱ्हा : ‘आयरिश वॉशरवुमन’ वाजवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात दहा वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेल्या एका वादकांच्या मुलीच्या पाश्चात्त्य व्हायोलिनच्या पुस्तकात ‘द आयरिश वॉशरवुमन’ (आयरिश धोबीण) ही जिग, म्हणजे सहा मात्रांची नाचाची धून, आली. बापलेकीनं ती बसवली. सगळे स्वर बरोबर लागतात, पण धून निर्जीव वाटते. आयरिश, स्कॉटिश, कॅनेडियन आणि अमेरिकन वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकली, तर प्रत्येकाचं वेगळंच. मग खरी कोणती? आणि ही धून मुळात आयरिश तरी आहे का?

मी सांगलीत, जमिनीवर बसून वाजवायचं व्हायोलिन शिकले आणि गेली वीसेक वर्षं बोस्टनच्या आसपास नाचाच्या कार्यक्रमांत उभी राहून किंवा खुर्चीत बसून वाजवते आहे. तुमची अडचण मला आतून माहीत आहे, कारण पहिली तीन वर्षं मीही हीच धून अशीच निर्जीव वाजवत होते.

आधी धून समोर ठेवू. पुस्तकात ती जी मेजरमध्ये असेल, म्हणजे काळी-पांढरीच्या हिशेबात पांढरी पाच. जी ला सा धरला तर सगळे स्वर शुद्ध, सरळ बिलावल. पहिला भाग :

ग सा सा प़ सा सा | ग सा ग प म ग | म रे रे ध़ रे रे | म रे म ध प म |
ग सा सा प़ सा सा | ग सा ग प म ग | म ग म रे प म | ग सा सा सा – – ||

दुसरा भाग :

सां प सां सां प सां | सां प सां गं रें सां | नी प नी नी प नी | नी प नी रें सां नी |
ध सां सां प सां सां | म सां सां ग सां सां | म ग म रे प म | ग सा सा सा – – ||

प्रत्येक भाग दोनदा. आठ अधिक आठ, अधिक आठ, अधिक आठ, अशा बत्तीस खंडांचं (खंड म्हणजे दोन उभ्या रेघांमधला सहा मात्रांचा तुकडा) एक आवर्तन. ते तीन-चार वेळा फिरवायचं आणि थांबायचं किंवा दुसऱ्या जिगवर जायचं. विस्तार, बढत, तिहाई यातलं काही नाही.

दुसऱ्या भागातल्या पाचव्या-सहाव्या खंडांची ओळख करून घ्या : ध सां सां, प सां सां, म सां सां, ग सां सां. तारसप्तकाचा सा जागेवर खिळलेला आणि खाली ध-प-म-ग अशी एक पायरी-पायरीनं उतरणारी दुसरी धून. एकाच गजात दोन आवाज बोलतात. या दोन खंडांसाठी मी ही धून अजून सोडलेली नाही. तुम्ही सगळे सहा स्वर सारख्याच वजनानं वाजवत असाल, तर ही उतरण ऐकूच येणार नाही. सां हलका ठेवा, जवळजवळ स्पर्शापुरता. ध, प, म, ग यांना गजाचं वजन द्या. फक्त एवढं केलंत तरी धून अर्धी जिवंत होईल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सहा मात्रा पाहिल्यात आणि मनात दादरा सुरू झाला, बरोबर? माझंही तेच झालं होतं. धा धी ना, धा ती ना. तीन-तीनची विभागणी तीच, पण दादऱ्याला चौथ्या मात्रेवर खाली आहे. तिथं ठेका हलका होतो, मोकळा होतो, आणि त्या मोकळेपणातच ठुमरी-दादऱ्याचं लाघव आहे. जिगला खाली नाही. नाचणाऱ्याचा पाय पहिल्या मात्रेवरही पडतो आणि चौथ्यावरही पडतो. चौथी पहिलीपेक्षा किंचित कमी, पण जमिनीवरच. तुम्ही नकळत चौथी मात्रा सोडून देत असाल, तर ऐकणाऱ्याला धून दर खंडात मधेच बसल्यासारखी वाटते.

दुसरं, तीन स्वर कागदावर सारखे दिसतात, पण ते सारखे नसतात. पहिला किंचित लांब, दुसरा आखूड, तिसरा आपल्या वेळेवर. लांबवलेली वेळ दुसऱ्याच्या खिशातून काढायची, तिसऱ्याच्या नाही. आयर्लंडमध्ये मुलांना हा झोका शिकवताना ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ म्हणायला लावतात. ते शब्द तोंडानं म्हणून पाहा. ‘रॅ’वर आणि ‘सॉ’वर जीभ आपोआप थोडी टेकते. हा झोका किती, ते लिहून सांगता येत नाही. लय वाढली की तो कमी होतो, उतरली की वाढतो. फार केलात तर घोड्याच्या टापा ऐकू येतात. अजिबात केला नाहीत तर शिवणयंत्र.

आणि हा झोका डाव्या हातात नसतो, उजव्या हातात असतो. पुस्तकात बहुधा तीन स्वर एका गजात बांधून दिलेले असतील. ते पुसून टाका. सुरुवातीला प्रत्येक स्वराला वेगळा गज : डाऊन (गज ओढत), अप (गज ढकलत), डाऊन, अप, डाऊन, अप. सहा फटके म्हणजे प्रत्येक खंड डाऊन बोवर सुरू होतो आणि चौथी मात्रा अप बोवर येते. त्या अप बोला डाऊनइतकं वजन देणं हीच खरी कसरत. आपल्याकडे गायकी अंगानं वाजवताना एका गजात पूर्ण आलाप खेचायची सवय असते, त्यामुळे गजाचा मधला चार बोटं रुंदीचा तुकडा वापरून असं वाजवणं सुरुवातीला कोतं वाटतं. वाटू द्या. महिनाभर तेवढंच.

मग बंधनं (एका गजात जोडलेले स्वर) घालायला लागा, पण तीन स्वरांच्या गटाच्या आत नाही, गटाच्या सीमेवरून. तिसरा स्वर पुढच्या पहिल्याशी जोडायचा : ग, सा, (सा-प़), सा, (सा-ग), असं. गज ठेक्याच्या आधीच निघतो आणि ठेका गजाच्या मध्यावर येतो, त्यामुळे धून पुढे ढकलली जाते. मात्र हे सलग करू नका. सलग केलंत तर प्रत्येक डाऊन बोला दोन स्वर आणि अप बोला एकच स्वर मिळतो. गज तेवढंच अंतर निम्म्या वेळात परत आणतो, वेग दुप्पट होतो आणि मधला दुबळा स्वरच उसळून वर येतो. म्हणून दोन खंड सुटे, एक जागा बांधलेली, पुन्हा सुटे. कुठे बांधायचं हे प्रत्येक वादक आपलं ठरवतो आणि दर फेरीला बदलतो.

बोटांबद्दल एकच सूचना, पण कळकळीची. तुमचं व्हायोलिन सा-प-सा-प असं मिळवलेलं असेल, तर या धुनेसाठी ते जी-डी-ए-ई करा, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर. मग सगळं हाताखाली येतं. पहिल्या खंडात ‘ग’ ए तारेवर पहिल्या बोटानं, ‘सा’ डी तारेवर तिसऱ्यानं, ‘प़’ मोकळी डी तार. सगळ्यात जाड तार पूर्ण धुनेत एकदाही लागत नाही. दुसऱ्या भागातला ‘म सां सां’ नीट पाहा : म आणि सां शेजारच्या दोन तारांवर बरोबर समोरासमोर येतात, त्यामुळे दुसरं बोट दोन्ही तारांवर आडवं दाबून ठेवायचं आणि फक्त मनगट हलवायचं. आपण तर्जनी आणि मधल्या बोटावर सरकत वाजवायला शिकलो. इथं चार बोटं, चार जागा, सरकणं नाही. मींड आली की झोका गेला.

आणि खुर्चीत बसा. आपल्या बैठकीत व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं असतं. या संगीतात तो पाय मोकळा लागतो, ठेका द्यायला. मी हे फार उशिरा समजले.

अलंकरणाचं काय? इथल्या ‘कट’ला आपण सहज कणस्वर म्हणून टाकतो. दोन्हींत फरक आहे. कणस्वराला स्वतःचा सूर असतो, तो रागातला असतो, तो चुकला तर राग दुखावतो. कटमध्ये वरचं बोट तारेला इतकं ओझरतं लागतं की सूर ऐकूच येत नाही, एक टिचकी ऐकू येते. तो मूळचा पाईप (बॅगपाईपच्या जातीचं वाद्य) आणि बासरीच्या वादनाला जवळचा. पाईपवर ‘सा सा’ सलग आले तर दोन स्वर वेगळे दाखवायला टिचकी कामी येते. फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर, गज बदलून काम भागतं, तरी टिचकीचा डौल राहिला. या धुनेत ‘ग सा सा’, ‘म रे रे’ अशा जोड्या जागोजागी आहेत; दुसऱ्या सा वर कट ठेवून पाहा. किंवा दोन्ही सा एकत्र करून एकच लांब सा धरा. फेरीगणिक एवढा बदल पुरतो.

आता, खरी कोणती?

आधी आयरिशपणाचं सांगते. 18व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही धून या नावानं ब्रिटनमधल्या छापील नृत्यसंग्रहांत दिसते. काही अभ्यासक तिचं नातं ‘डार्गसन’ या जुन्या इंग्लिश नृत्यधुनेशी लावतात. ‘डार्गसन’ लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याच्या 1651च्या नृत्यसंग्रहात आहे. तिला शेवटच नाही, आठ खंड संपले की पुन्हा पहिल्यावर येते. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टनं 1911मध्ये आपल्या मिलिटरी बँडसाठीच्या दुसऱ्या स्वीटमध्ये (वाद्यरचनांच्या मालिकेत) ती घेतली आहे. दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर चेहऱ्यातलं साम्य तुम्हालाही दिसेल. पण त्यावरून वॉशरवुमन इंग्लिश ठरत नाही. असे बरेच संग्रह लंडन-एडिनबरोत छापले जात. आयर्लंडच्या गावातला फिडलर पुस्तक छापत नव्हता, तो वाजवत होता. छापल्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे.

नावाचं मात्र मला नेहमी वाटतं. ‘आयरिश’ धोबीण असं आयर्लंडमधला माणूस कशाला म्हणेल? कोल्हापुरात मिसळ ही नुसती मिसळ असते, ती कोल्हापुरी होते पुण्या-मुंबईच्या पाटीवर. नावात बाहेरच्याची नजर आहे, आणि त्या नजरेचा इतिहास फार चांगला नाही. 18व्या-19व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेच्या रंगभूमीवर भांडखोर, दारुड्या, अडाणी आयरिश पात्रांची एक चाल पडली होती आणि अशा धुना त्या पात्रांसोबत वाजत राहिल्या. स्कॉटलंडच्या हायलँड नृत्यस्पर्धांत आजही ‘आयरिश जिग’ नावाचा नाच आहे; या धुनेवर मुलगी ॲप्रन बांधून, टणक बूट आपटत, मुठी वळून रागावलेली धोबीण करते. नाच म्हणून तो कठीण आणि देखणा आहे. पण आयर्लंडमधल्या सेशनमध्ये, म्हणजे पबमधल्या गोल बसून वाजवायच्या मैफलीत, ही धून क्वचितच कुणी सुरू करतं, त्याचं हेही एक कारण आहे. दुसरं कारण अतिपरिचय. शिकागोचे पोलीस प्रमुख असलेल्या, मूळच्या कॉर्क परगण्यातल्या फ्रान्सिस ओनील यांनी 1903मध्ये 1850 आयरिश धुनांचा आणि 1907मध्ये 1001 नृत्यधुनांचा संग्रह काढला. ज्यांच्या हाताशी एवढी संपत्ती आहे, ते सगळ्यांना पाठ असलेली धून कशाला काढतील? तुम्ही कधी आयर्लंडच्या पश्चिमेकडे गॉलवे-क्लेअरला गेलात तर तिथं ही धून तुम्ही होऊन सुरू करू नका. घरी मात्र मन लावून वाजवा. ती घासून गुळगुळीत झाली, यात तिचा दोष नाही.

आयर्लंडच्या आतही एक तऱ्हा नाही. उत्तरेकडच्या डोनेगलमध्ये सुट्या, छोट्या, धारदार गजांचं वादन. जॉन डोहर्टी (निधन 1980) ऐका. स्लायगोचं वादन चपळ आणि अलंकरणानं भरलेलं. 1914मध्ये अमेरिकेला गेलेल्या मायकेल कोलमन (1891–1945) यांच्या तबकड्यांनी ते आयर्लंडभर पसरलं, इतकं की कित्येक गावांची स्वतःची चाल त्यापुढे मागे पडली. क्लेअरमध्ये लय उतरते, झोका वाढतो. मला शिकवणाऱ्या बाई क्लेअरच्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझी लय अर्ध्यावर आणली आणि म्हणाल्या, आता चालत चालत वाजव. नाचाप्रमाणंही लय बदलते : मऊ चपलांच्या लाइट जिगला मिनिटाला साधारण 115 ठेके, तर टणक बुटांच्या संथ ट्रेबल जिगला स्पर्धेत 73च्या आसपास. का? कारण संथ लयीत नाचणारीला एका ठेक्यात पायाचे अनेक आघात बसवायचे असतात. स्वर तेच, पण 73वर वाजवताना प्रत्येक स्वर उभा राहिला पाहिजे.

अटलांटिक ओलांडला की पाय बदलतात. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर गेलेल्या स्कॉटिश हायलँडरांनी गजाचे दणकट ‘कट’ नेले. इथं कट म्हणजे वेगळीच चीज, एका स्वराचे गजानं केलेले झटपट तुकडे. शब्द सारखा, अर्थ निराळा, फसू नका. सोबतीला पियानो असतो. फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये फिडलर खुर्चीत बसून दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका वाजवतो, जणू तबलजीही तोच. इंग्लिशभाषक कॅनडात रेडिओ आणि टीव्हीवरून डॉन मेसर (1909–1973) घराघरांत पोचले. स्वच्छ, सरळ, नाचायला सोपं वादन. तिथल्या फिडल स्पर्धांत वॉल्ट्झ (तीनाची चाल), जिग (सहाची) आणि रील (चाराची) असा तिहेरी संच वाजवायची पद्धत आहे, त्यामुळे जिग तिथं टिकून राहिली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात मात्र गज दोन-चारच्या घोळदार चालीत रुळला आणि जिगची सहाची चाल जवळपास विरली. तिकडे ‘जिग’ म्हणून जे ऐकाल ते कदाचित सहाचं नसेलच. कॅनडातल्या मेटी (मिश्र युरोपीय-आदिवासी वंशाच्या) लोकांची प्रसिद्ध ‘रेड रिव्हर जिग’सुद्धा सहाची नाही. इंग्लंडच्या मॉरिस नर्तकांमध्ये तर जिग म्हणजे एकट्या-दुकट्यानं केलेला नाच, ताल कुठलाही असो.

न्यू इंग्लंडचं, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेचं, मला सगळ्यात जवळून माहीत आहे. इथला काँट्रा डान्स म्हणजे जोड्यांच्या लांब रांगा. प्रत्येक हालचाल आठ-आठ पावलांची, आणि बत्तीस खंड संपले की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकलेली. पियानो ‘बुम-चक’ देतो आणि फिडल त्यावर स्वार. एकदा, सुरुवातीच्या वर्षांत, हीच धून तिसऱ्या फेरीला छान रंगली होती. सवयीनं माझ्या हातातून शेवटच्या खंडावर तिहाई निघाली. तीनदा फिरवून समेवर आले तेव्हा चार खंड जास्त झाले होते. पियानोवाल्यानं मला धरलं, पण समोर साठ माणसं हात पुढे करून उभी होती आणि त्यांच्या हातात हात द्यायला समोर कुणी नव्हतं. कुणी रागावलं नाही. रांग जुळायला दोन फेऱ्या लागल्या. त्या रात्री मला कळलं की इथं समेवर यायचं असतं ते माझ्या नाही, त्यांच्या.

म्हणून तुमच्या ‘खरी कोणती’चं माझं उत्तर : ज्या पायांसाठी वाजते त्यांची. क्लेअरच्या स्वयंपाकघरातल्या नाचणाऱ्यांसाठी वाजवलेली, हायलँड स्पर्धेतल्या बुटांसाठीची, काँट्राच्या रांगेसाठीची, या सगळ्या खऱ्या. तुमची निर्जीव वाटते, कारण ती अजून कुणाच्याच पायांसाठी वाजत नाहीये. चार ध्वनिमुद्रणांतून एकेक गोष्ट उचलून पाचवी तऱ्हा करू नका. घराण्यांची सरमिसळ आपल्याकडे जशी ऐकणाऱ्याला लगेच खटकते, तशीच ती तिकडेही खटकते. एक निवडा. तुमचा गायकीचा हात पाहता क्लेअरची संथ चाल तुम्हाला जवळची वाटेल. किमान सहा महिने फक्त तिचंच ऐका, आणि रोज वाजवण्याआधी धून तोंडानं म्हणा. तिकडेही ‘लिल्टिंग’ म्हणून निरर्थक बोलांत जिग गायची रीत आहे, तबल्याचे बोल तोंडानं म्हणायच्या आपल्या पढंतसारखीच. तोंडात झोका आला की हातात यायला वेळ लागत नाही.

आणि मुलीच्या पुस्तकातली आवृत्ती चुकीची नाही. तो सांगाडा आहे. परीक्षेत तिला जसं लिहिलंय तसंच वाजवू द्या, बंधनांसकट. घरी मात्र एक करा. संध्याकाळी खोलीतलं सामान बाजूला सरकवा, तिला साध्या चालीनं गोल फिरायला सांगा, पहिल्या मात्रेला एक पाऊल, चौथीला दुसरं. तुम्ही खुर्चीत बसून वाजवा, मिनिटाला शंभर पावलांच्या आत. ती जिथं अडखळेल तिथं थांबा आणि तो खंड पुन्हा पाहा. बहुतेक वेळा तुमचा तिसरा स्वर घाईनं आलेला असेल.